चिरेखाणीवरची मुलं दिवाळीनंतर शाळेत येतात: पालकांकडून नेमकं काय मागायचं?

पाणंद (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लांजा-राजापूर पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीसाठी विचारतोय. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन, पटावर स्थानिक मुलं १४. दिवाळी सरली की सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) चिरेखाणींवर, म्हणजे जांभा दगडाच्या खाणींवर, कर्नाटकातून, बहुतेक विजयपुरा-बागलकोट बाजूची, कुटुंबं येतात आणि आठ-दहा मुलं वाढतात. पाऊस तोंडावर आला की ती जातात. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची तीन मुलं आहेत, ती वेगळी.

समितीत दर बैठकीला एकच वाक्य ऐकू येतं: "त्यांच्या आईबापांनाच पडलेली नाही, आपण काय करणार?" वाक्य सोयीचं आहे, पण त्याने पुढे काही हलत नाही. म्हणून हे प्रश्न:

घरची परिस्थिती शिक्षणाच्या आड नेमकी कुठे येते? स्वतः शाळा न पाहिलेल्या, दिवसभर खाणीत राबणाऱ्या पालकांकडून काय मागणं व्यवहार्य आहे? दहा वर्षांची एक मुलगी कधीच शाळेत गेलेली नाही, तिला कुठल्या वर्गात बसवायचं? आणि दाखला, जन्मनोंद, आधार यांतलं काहीच नसेल तर?

"समुपदेशन करा, जनजागृती करा" एवढंच सांगू नका. ते परिपत्रकांत भरपूर आहे.

---

वहाळ

पाणंद, ते "पडलेली नाही" आधी बाजूला ठेवा. निदान चुकलं की औषधही चुकतं. आड येणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन आहेत आणि तिन्हींचा मायेशी किंवा इच्छेशी फारसा संबंध नाही.

पहिली, पाठचं भावंड. खाणीवर नवरा-बायको दोघंही कामाला. तान्हं आणि रांगतं मूल सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आठ ते अकरा वर्षांची थोरली मुलगी. कानडी मुलगी "तंगी" म्हणाली तर ती पैशांची तंगी सांगत नसते. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण, आणि गैरहजेरीचं कारण तिने एका शब्दात सांगितलेलं असतं. म्हणून मुलीला शाळेत आणायचं तर आधी धाकट्याची सोय. तीन वर्षांवरचं मूल अंगणवाडीत नोंदवा, तेही थोरलीच्या प्रवेशाच्या दिवशीच. अंगणवाडी शाळेच्या आवारात असेल तर अर्धं काम झालं. ती दुसऱ्या वाडीत असेल, तर थोरली धाकट्याला तिथे सोडून शाळेकडे वळेल ही आशा ठेवू नका. दोन ठिकाणी ने-आण करायला तिच्याकडे वेळ नसतो.

दुसरी, सकाळची पोकळी. उन्हं चढण्याआधी काम उरकायचं म्हणून खाण लवकर सुरू होते. आई पहाटे उठून पाणी भरते, भाकऱ्या थापते आणि सातच्या सुमारास घर सोडते. शाळा साडेदहाची. मधले तीन-साडेतीन तास झोपडीत मोठं माणूस नाही. मूल शाळा चुकवायचं ठरवत नाही. ते खेळायला जातं आणि वेळ निघून जाते. वेळ सांगणारंच कुणी नसतं. यावर व्याख्यान देऊन उपयोग नाही, माणूस लागतो. वाडीतल्या एका व्यक्तीने रोज ठरलेल्या वेळी खाणीवर जायचं आणि पोरांची रांग करून आणायची. वाटेवर चिरे भरलेल्या गाड्यांची ये-जा असते, त्यासाठीही हे हवंच. शाळेचं अंगण नऊला उघडलं तर आणखी बरं. मार्चनंतर सकाळची शाळा लागली की आईबापांच्या आणि शाळेच्या वेळा आपोआप जुळतात. त्या महिन्यातली हजेरी आधीच्या महिन्याशी ताडून पाहा. फरक दिसला तर समितीला वेगळा पुरावा द्यावा लागणार नाही.

तिसरी, भाषा, आणि इथे जरा थांबायला हवं. "कानडी मुलं" हा एकच गट नाही. त्यांतली काही लमाण कुटुंबं आहेत. त्यांच्या घरी गोरमाटी, मागच्या शाळेत कानडी, मुकादमाशी मोडकी हिंदी, वर्गात पुस्तकी मराठी आणि मधल्या सुट्टीत आपली संगमेश्वरी. आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात पाच भाषा असतात आणि आपण म्हणतो, "याला भाषाच येत नाही."

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून एक फरक दाखवला. बोलाचालीची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, कारण-परिणाम मांडणारी भाषा वयाला साजेशी यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमची मुलं तर वर्षातले सहाच महिने मराठीत असतात. दुसऱ्या हंगामात ती मैदानावर फाडफाड बोलतील, आणि तेव्हाच शिक्षक "आता येतं की, मग लिहीत का नाही? आळस!" असं म्हणून मोकळे होतील. तो आळस नसतो.

कमिन्स यांचा दुसरा मुद्दा तुमच्या जास्त कामाचा आहे: एका भाषेत वाचायला शिकलेलं मूल दुसऱ्या भाषेत ते कौशल्य घेऊन येतं. म्हणून पहिल्या दिवशी मराठी वाचून घेऊ नका. दीक्षा या सरकारी अभ्यास-ॲपवर कर्नाटकची कानडी पुस्तकं आहेत. दुसरीचं उघडा आणि पाच ओळी वाचायला लावा. तुम्हाला कानडी कळायची गरज नाही, अडखळणं आणि सरळ वाचणं कानाला कळतं. कानडी वाचणाऱ्या मुलाला फक्त नवी लिपी शिकवायची आहे. अक्षर म्हणजे आवाज, काना-मात्रा लावली की आवाज बदलतो, हे त्याला माहीत आहे. कुठल्याच लिपीत न वाचणाऱ्याला वाचन ही गोष्टच शिकवायची आहे. या दोघांना एका ओळीत बसवून "अ आ इ" गिरवायला लावणं ही नेहमी होणारी चूक. पहिला कंटाळतो, दुसरा मागे पडतो.

गणितातली एक गंमत. कानडीत पंचवीसला "इप्पत्तैदु" म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग पाच. आपण आधी पाच बोलतो. त्यामुळे "पंचवीस लिही" म्हटल्यावर मूल ५२ लिहितं आणि आपण "संख्याज्ञान नाही" असा शेरा मारतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस पाच" अशी जोडवाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. इतरांचं काही असो, या मुलांसाठी ती पद्धत बिनदिक्कत वापरा. आधी "वीस पाच", मग महिन्याभराने "पंचवीस".

आता पालकांकडून काय मागायचं. २००९ साली नॅन्सी हिल आणि डायाना टायसन यांनी पालक-सहभागावरच्या ५० अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. मुलं बारा-चौदा वर्षांच्या आसपासची आणि अमेरिकेतली होती, हे धरूनच त्याकडे पाहावं. तरी निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिक्षणाचं मोल मुलाशी बोलणं, पुढे काय करायचं याच्या गप्पा मारणं, या गोष्टींचा यशाशी सगळ्यांत जास्त संबंध दिसला. घरी गृहपाठ करून घेण्याचा तसा फायदा दिसला नाही. थोडक्यात, निरक्षर आई जे करू शकत नाही त्याचा फार उपयोगच नाही, आणि जे करू शकते ते मोलाचं आहे.

म्हणून मागणी एवढीच ठेवा: रात्री जेवताना मुलाला "आज काय शिकलास" हे स्वतःच्या भाषेत सांगायला लावा. कानडीत, गोरमाटीत, जी घरची असेल तिच्यात. "मुलाशी मराठीत बोला" असं पालकांना कधीही सांगू नका. त्यांची मराठी तुटपुंजी, म्हणजे मुलाशी बोलणंच तुटपुंजं होतं. शिवाय गृहपाठ देऊ नका. शेवटची तीस मिनिटं शाळेतच तो करून घ्या. झोपडीत दिव्याचा प्रश्न, पाटीवर बसलेला भाऊ आणि दिवसभराची दमलेली आई, यांत वही उघडली जात नाही. सकाळी मार बसेल या भीतीने मूल मग शाळेलाच दांडी मारतं.

पालकसभा शाळेत दुपारी घेतली तर कुणीही येणार नाही, कारण चिऱ्यांच्या नगावर मजुरी आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी संध्याकाळी खाणीवरच जा, वीस मिनिटं बसा. आया समोर असतील याची खात्री करा, नाहीतर मुकादमच सगळ्यांच्या वतीने मान डोलावतो.

---

कातळ

वहाळ यांचं बरंचसं पटलं. पण चित्र जरा गोड झालंय. पैशाची बाजू राहिली.

हंगामाच्या आधी घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटेपर्यंत कुटुंब मुकादमाला बांधलेलं असतं. मजुरी नगावर, म्हणजे प्रत्येक जादा हाताला किंमत. पेण-कर्जतकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबांत हेच दिसतं. तिथे हजार विटांमागे पैसे, आणि कच्च्या विटा उलटायला पोरांचे छोटे हात चालतात. मायेची उणीव नाही हे खरं, पण "फक्त भाषेचा आणि वेळेचा प्रश्न" हेही खरं नाही. बारा वर्षांच्या मुलाला शाळेत पाठवणं म्हणजे त्या घराला रोज काही रुपयांवर पाणी सोडणं.

मुकादमाशी आणि खाणमालकाशी बोलताना विनंतीचा सूर नको. खाणीत अठराखालच्या कुणालाही कामाला लावता येत नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. हे पालकांना धमकी म्हणून मात्र अजिबात सांगू नका. दुसऱ्या दिवशी कुटुंब दुसऱ्या खाणीवर गेलेलं असेल आणि मूल तुमच्या नजरेतून कायमचं जाईल.

---

जुना_दाखला

कागदांचं आणि वर्गाचं मी सांगतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. तुमच्या कामाची कलमं पाच. कलम ४: मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश, आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षण. नियमांनुसार ते किमान तीन महिने, कमाल दोन वर्षं. कलम ५: आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम ९: स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून नकार नाही. कलम १५: सत्र सुरू झाल्यावरही प्रवेश द्यायचा.

वयासाठी जन्मदाखला नसेल तर अंगणवाडीची नोंद, दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरची नोंद, आणि तेही नसेल तर पालकांचं स्वयंघोषणापत्र चालतं. पालकांना तारीख आठवत नसते. "कितवा पाऊस", "कुठल्या जत्रेच्या आधी", "गावातल्या अमक्याच्या मुलापेक्षा मोठा की लहान" असं विचारत जा, वर्ष सापडतं. आधारचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट केलंय.

मग मुख्याध्यापक का कचरतात? त्यांचीही बाजू समजून घ्या. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळतील हे ठरवताना, ३० सप्टेंबरचा पट आणि आधार पडताळलेली मुलं धरली जातात. तुमची मुलं येतात नोव्हेंबरात. म्हणजे काम वाढतं आणि शिक्षकसंख्येच्या हिशेबात त्याचा दाणाही पडत नाही. यावर ओरड शिक्षकावर करून उपयोग नाही. समितीने ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे हंगामी मुलांची वेगळी यादी दर महिन्याला द्यावी, पोच घ्यावी. तालुक्यात शाळाबाह्य मुलांसाठी बालरक्षक म्हणून नेमलेले शिक्षक असतात, त्यांच्यामार्फत ही यादी लवकर पुढे सरकते.

दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवू नका. बहुतेक ठिकाणी हीच चूक होते, बऱ्याचदा पालकच "खालच्या वर्गात घाला, सोपं जाईल" म्हणतात. सहा वर्षांच्या पोरांत बसलेली दहा वर्षांची मुलगी पंधरा दिवसांत लाजून गळते. नाव पाचवीच्या हजेरीत, बसणं पाचवीच्या मुलींबरोबर, आणि रोज दोन तास वाचन-गणित तिच्या पातळीचं. कर्नाटकातल्या सरकारी शाळांतून आलेली लहान मुलं "नली-कली" पद्धतीला सरावलेली असतात. तिथे पहिली ते तिसरी एकत्र बसतात, आणि कार्डांच्या शिडीवर प्रत्येक जण आपल्या गतीने चढतो. दोन शिक्षकी शाळेला तशीही ही रीत सोयीची.

नावाची गोम वेगळी. त्यांच्याकडे गाव किंवा वडिलांच्या नावाचं अक्षर पुढे लागतं, आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असा क्रम. आपण आपल्या रीतीने नाव "सुधारून" लिहिलं की दर हंगामात मुलाची नवी नोंद होते आणि जुनी हरवते. आधीच्या शाळेच्या कागदावर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर उतरवा. त्यावर कायम शिक्षण क्रमांक (शाळा बदलली तरी न बदलणारा विद्यार्थ्याचा क्रमांक) असेल तर तो आधी शोधा.

जाताना काय द्यायचं तेही लिहून ठेवतो. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाने पुढच्या शाळेत दाखवायचं कार्ड) भरा, त्यावर पातळी शेऱ्याने नाही तर वाक्याने लिहा: "जोडाक्षरविरहित उतारा वाचतो, हातच्याची बेरीज येते, वजाबाकी नाही." कार्ड मुकादमाच्या हाती देऊ नका. एक प्रत आईकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक फोटो बापाच्या मोबाइलवर, एक तुमच्याकडे. हे सगळं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उरका. उगादीला (त्यांच्या पाडव्याला) किंवा गावच्या जत्रेला म्हणून गेलेली कुटुंबं परत येतातच असं नाही.

---

मोहोर

नेपाळी मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं. त्यांची अडचण कानडी मुलांच्या अगदी उलटी आहे.

नेपाळीची लिपी देवनागरीच. त्यामुळे तिकडे दुसरी-तिसरी केलेलं मूल पहिल्या दिवशी मराठीचं पुस्तक घडाघडा वाचतं, शिक्षक खूश होतात आणि त्याला तसंच सोडून देतात. त्याला अर्थ शून्य कळलेला असतो. वाचून झाल्यावर "यातलं काय चित्रात दाखवशील?" असं विचारा, लगेच उघडं पडतं. उच्चारावरून हसू नका. नेपाळीत ळ नाही, म्हणून "काळा" चं "काला" होतं. व चा ब होतो, श-ष चा स होतो. शुद्धलेखनातल्या बऱ्याच चुका इथून येतात, कान कच्चा म्हणून नाही. मराठीच्या तीन लिंगांचा गोंधळ तर वर्षानुवर्षं राहतो. "ती पुस्तक" म्हटलं की बरोबर वाक्य आपण एकदा सहज उच्चारायचं आणि पुढे जायचं, थांबवायचं नाही.

कॅलेंडरही वेगळं. नेपाळात शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. आंबा उतरून कुटुंब जूनमध्ये घरी गेलं की मूल तिकडे दोन महिने मागे, आणि दसैं-तिहार (त्यांचा दसरा-दिवाळी) करून परत आलं की इकडे एक सत्र मागे. दोन्हीकडे कायमच उशिरा आलेलं मूल. म्हणून जी कुटुंबं बागेत बारमाही राहतात त्यांना मूल एकाच ठिकाणी टिकवायला सांगा, आणि जी जातात त्यांना तिकडच्या पुस्तकांचे फोटो घेऊन यायला सांगा.

आणखी एक. बऱ्याच घरांत थोरलं मूल नेपाळात आजीकडे आणि धाकटं इथे, अशी वाटणी असते. थोरलं अचानक दहाव्या वर्षी इथे आणलं जातं, आईबाप त्याला जवळजवळ अनोळखी. ते गप्प बसतं किंवा मारामारी करतं, आणि शाळा "मतिमंद आहे का?" विचारू लागते. कोकणाला हे नवं नसावं. बाप मुंबईत गिरणीत, पोरं गावी आजीजवळ आणि महिन्याची मनीऑर्डर, यावर तर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. अशा मुलाला आल्या आल्या चाचण्यांना जुंपू नका. पहिले दोन महिने एकच शिक्षक, एकच जागा, एकच सोबती, आणि आजीशी फोनवर बोलणं चालू आहे ना हे आईला विचारा. कान आणि डोळे मात्र लगेच तपासून घ्या. फळ्यापासून दूर बसवून वाचायला लावा, पाठीमागून हळू आवाजात नाव घ्या. न ऐकू येणाऱ्या मुलाला हट्टी समजलं जातं.

"बहादूर" आणि "कानडी" या हाका वर्गात पहिल्याच दिवशी बंद करा. मुलं त्या घरातून शिकून येतात, म्हणून स्थानिक पालकांच्या सभेतही हा विषय काढावा लागेल.

---

पाणंद

सगळ्यांचे आभार. समितीत वाचून दाखवणार आहे. दोन शंका. त्या दहा वर्षांच्या मुलीचा भाऊ दोन वर्षांचा आहे, अंगणवाडी तर तीनपासून बसवून घेते. आणि स्थानिक पालक म्हणतात, "या मुलांमुळे आमच्या मुलांचं नुकसान होतं." यावर काय सांगायचं?

---

वहाळ

दोन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार, वजन आणि लसीकरण मिळतं, दिवसभर बसायला जागा मिळत नाही. त्याचं नाव तरी नोंदवाच. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपवर मागच्या गावची नोंद इथे वळवता येते. त्याचबरोबर दंडाचा घेर मोजून घ्या: साडेबारा सेंटिमीटरच्या खाली मध्यम कुपोषण, साडेअकराच्या खाली तीव्र, मग थेट प्राथमिक आरोग्य केंद्र.

सांभाळण्यासाठी खाणीवरच पाहा. सात-आठ कुटुंबांत एखादी म्हातारी किंवा बाळंतीण कामावर जात नसते. सगळ्या घरांनी मिळून तिला रोजचे थोडे पैसे द्यायचे आणि तिने पाच-सहा पोरं पाहायची. मालकाकडून फक्त सावली आणि पाण्याचं पिंप मागा, एवढं देतात. हे जमेपर्यंत मुलीला भावाला कडेवर घेऊन दुपारी दोन तास येऊ द्या. जेवणाच्या आधीचा एक तास आणि नंतरचा एक. वर्गात रडारड होईल, शिक्षक वैतागतील. तरी नाव पटावर राहतं आणि ती वाचायला लागते.

---

जुना_दाखला

दुसऱ्या शंकेला आकड्याने उत्तर द्या. १४ पटाची शाळा ती. कमी पटाच्या शाळांचं काय होतं हे त्या पालकांना माहीत आहे. ही मुलं ३० सप्टेंबरच्या पटात येत नसली, तरी दर महिन्याच्या यादीत शाळा भरलेली दिसते.

आणि पाचवीला चिऱ्याचं गणित घालून पाहा. ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक चिरा पट्टीने मोजायचा, घनफळ काढायचं, ब्रासला किती लागतील ते सांगायचं. लुई मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या सुमारास ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये मेक्सिकन कुटुंबांकडे शिक्षकांना शिकवायला नव्हे, तर शिकायला पाठवलं होतं, घरच्या कामातलं ज्ञान वर्गात यावं म्हणून. तुमच्याकडे तर ते चालत सड्यावरून येतंय. गाडीत किती चिरे बसतात हे खाणीवरच्या मुलांना तोंडपाठ असतं. त्यांना स्थानिक मुलांच्या जोडीला बसवा, मोजमाप त्यांनी करायचं आणि मराठीत वहीत मांडायचं दुसऱ्याने. पट्टी फुटांची घ्या, सेंटिमीटरच्या पट्टीवर ब्रास काढताना पोरं आणि मास्तर दोघंही अडकतात.